माळावरच्या वाटा आणि खुणा: सोलापुरात पहिल्यांदाच माळावर जाणाऱ्यांसाठी

सपाट माळावर चुकायला काय होतंय, असं पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. खरं तर माणूस सपाटीवरच जास्त चुकतो. डोंगरात निदान एखादा सुळका नजरेसमोर असतो. नान्नज, मार्डी, अकोलेकाटीच्या माळावर पावसाळा सरला की चहूकडे गुडघ्याच्या वर गवत असतं, मधूनच एखादी बाभूळ किंवा हिवर, आणि तासाभराने प्रत्येक बाभूळ आधीच्या बाभळीसारखीच दिसायला लागते. मग माणूस खुणा करत सुटतो. झाडाला रिबीन बांधतो, दगडावर दगड ठेवतो, फांदी मोडतो.

पाखरं बघायला, फोटो काढायला किंवा नुसतं पायी फिरायला जे नव्याने माळावर येतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वाट कशी ओळखायची, खूण कशी आणि कुठे करायची, आणि दुसऱ्याची खूण दिसली तर काय करायचं, हे सगळं यात आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. सगळ्यांच्या जमिनीवर केलेली खूण सगळेच वाचतात. खोकडाच्या बिळाकडे परत जाता यावं म्हणून तुम्ही बांधलेली रिबीन फासे लावणाऱ्यालाही त्याच बिळापाशी नेऊन सोडते.

अमेरिकेत सार्वजनिक जमिनीवर परवाना घेऊन शिकार करता येते. तिथले शिकारी पहाटेच्या अंधारात आपल्या बसायच्या झाडापर्यंत पोचता यावं म्हणून खोडांना चमकत्या टाचण्या ठोकतात, फांद्यांना भडक फिती बांधतात. मग दुसराच कुणी त्या फितींच्या मागे मागे जाऊन तिथे बसतो, आणि वर्षानुवर्षं न काढलेल्या फितींमुळे रान विद्रूप दिसतं, म्हणून तिथल्या शिकाऱ्यांमध्येच वाद होतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे आपला प्रश्न आणखी नाजूक आहे: इथे तुमच्या खुणेचा फायदा घेणारा माणूस चोरून आलेला असतो.

आधी जमीन कोणाची ते बघा

माळ दिसायला एकसलग असतो, पण कागदावर त्याचे तुकडे असतात. पहिला तुकडा वनविभागाचा. त्यातला काही भाग 1979 मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यात येतो. तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. नान्नजच्या वनविभागाच्या कार्यालयात नोंद करायची, ते सांगतील त्याच वाटेने जायचं, आणि स्वतःची एकही खूण करायची नाही. चिंधीसुद्धा नाही. अभयारण्याबाहेरच्या वनजमिनीवर जाण्याआधीही तिथल्या वनरक्षकाला विचारून घ्या.

दुसरा तुकडा गायरानाचा. सातबाऱ्यावर ही जमीन सरकारच्या नावे असते आणि तिथे ‘गुरचरण’ अशी नोंद सापडते. गावची गुरं-मेंढरं इथे चरतात आणि गावाचा तो हक्क आहे. तिसरा तुकडा खाजगी पडीक जमिनीचा. कुंपण नाही म्हणून ती मोकळी वाटते, पण तिला मालक असतो. जायच्या आदल्या दिवशी गट नंबर काढून महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा बघायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं द्या.

जागेवर हद्द कळायला वनविभागाचे दगडी बुरूज उपयोगी पडतात. माळावर ठरावीक अंतराने चुन्याने रंगवलेले, नंबर टाकलेले बुरूज दिसले तर ती वनाची सीमा समजा. शेतांच्या हद्दीवर रोवलेले दगडही असतात. हद्दीचा दगड हलवणं हा गुन्हा आहे, आणि गावात त्यावरून पिढ्यानपिढ्या भांडणं चालतात, तेव्हा त्यावर बसूही नका. शेंदूर फासलेला दगड म्हणजे म्हसोबा किंवा गावचं दुसरं एखादं दैवत. बोरीच्या, निंबाच्या फांदीला बांधलेल्या चिंध्या बहुतेक वेळा नवसाच्या असतात. त्या खुणा वाटेच्या नाहीत. त्यांना हात लावायचा नाही.

माणसांना विचारा

कुठल्याही नकाशाआधी मेंढपाळाला विचारा. माळाला सगळ्यात जास्त तोच ओळखतो. लांबून हाक मारायची, कुत्री असतील तर जागेवर थांबायचं आणि तो येईपर्यंत वाट बघायची.

“कुठं जालालाव, मालक?” असं तो विचारतो.

“पाखरं बघायला आलोय, मामा. पलीकडच्या तळ्याकडं वाट कुठनं हाय?”

एवढं बोलणं झालं की पुढचं तो आपणहून सांगतो: कुठली वाट पावसात चिखलाची होते, कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठल्या बांधाला फुरसं दिसलं होतं. त्याच्या मेंढरांचा फोटो काढायचा असेल तर विचारून काढा. आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा, लांडग्याने कुणाची मेंढरं मारली असतील तर ती त्या घराची कमाई गेलेली असते. त्याच्यापुढे “लांडगा दिसला पाहिजे हो!” असं उत्साहाने बोलू नका. आधी त्याचं ऐकून घ्या.

असलेल्या वाटा वाचायला शिका

माळावर नवी वाट पाडायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही, कारण वाटा आधीच असतात. त्या ओळखता आल्या की निम्म्या खुणा करायच्याच राहत नाहीत.

मेंढरांची वाट रुंद आणि विस्कटलेली असते. चार-पाच पायवाटा शेजारी शेजारी चालतात, एकमेकींत मिसळतात, पुन्हा फुटतात. जमिनीवर लेंड्यांचा सडा, आणि खाली वाकून बोरीच्या झुडपाकडे बघितलं तर गुडघ्याच्या उंचीला काट्यांमध्ये लोकरीचे पुंजके अडकलेले सापडतात. ही वाट हमखास पाण्याकडे किंवा मेंढरांच्या वाड्याकडे जाते. चुकलात तर हिच्यावर या.

काळविटांची वाट अरुंद, एकेरी आणि सरळ असते. मुरमाच्या धुळीत खुराचे ठसे बघा: दोन फाका, पुढे टोकदार, जवळजवळ चिकटलेल्या. मेंढीच्या खुराचं टोक त्या मानाने बोथट आणि गोलसर असतं. काळविटाचा नर आपल्या हद्दीत ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो, त्यामुळे वाटेवर जुन्या-नव्या लेंड्यांचा ढीग दिसतो. वरच्या लेंड्या काळ्या आणि ओलसर असतील तर नर जवळच आहे. त्या ढिगाच्या आसपास ठाण मांडून बसू नका, त्याला त्याची जागा सोडून द्यावी लागते. तिरपं जाऊन पुढे निघा.

लांडग्याचे ठसे मोठ्या कुत्र्यासारखे असले तरी चाल वेगळी असते. कुत्रा हुंगत वेडावाकडा फिरतो, तर लांडगा कामाला निघालेल्या माणसासारखा लांबवर सरळ जातो. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा स्पष्ट मोठा उमटतो, आणि त्याची विष्ठा हाडं खाल्ल्यामुळे वाळल्यावर पांढरी पडते. हे ठसे दिसले तर फोटो काढा, शेजारी मापाला पेन ठेवा, पण त्यांच्या मागावर जाऊ नका. विशेषतः हिवाळ्यात लांडग्यांची पिल्लं लहान असतात तेव्हा तर मुळीच नाही.

नव्या माणसाला फसवणारी वाट म्हणजे जाळरेषा. वणवा पसरू नये म्हणून वनविभाग उन्हाळ्याच्या आधी गवताचे पट्टे कापून किंवा जाळून मोकळे करतो. तो पट्टा रस्त्यासारखा रुंद आणि सरळ दिसतो, पण तो कुठेच पोचवत नाही. दोन किलोमीटर चालल्यावर तो काटकोनात वळतो, किंवा पुढच्या गवतात संपतो.

गाडीवाटेचं सांगायचं तर, चाकोरी पडलेली असेल तिथूनच गाडी न्या. गवतावरून एकदा जीप गेली की मुरमावर उमटलेले पट्टे पुढचा पाऊस येईपर्यंत तसेच राहतात. दुसरी गाडी ते बघून त्यावरून जाते, तिसरी दुसरीच्या मागे, आणि बघता बघता रस्ता होतो. दुचाकी आणि चारचाकी दोन्ही कडेला लावून पायीच आत शिरा. काळ्या मातीच्या पट्ट्यात पाऊस पडून गेल्यावर तर गाडी घालूच नका. ती काढायला ट्रॅक्टर आणावा लागतो, आणि ट्रॅक्टरने माळ आणखी उकरला जातो.

दिशा धरून चालणं

उच्च दाबाच्या विजेच्या वाहिन्यांचे मनोरे माळावर मैलोगणती दिसतात. प्रत्येक मनोऱ्यावर नंबराची पाटी असते. आत शिरताना जवळच्या मनोऱ्याचा नंबर टिपून ठेवा. अडचणीत फोन करावा लागला तर “मोठ्या बाभळीजवळ” यापेक्षा मनोऱ्याचा नंबर सांगितलेला बरा, माणसं थेट तिथे येतात. (याच तारांना धडकून माळढोक मरतात. देशभरात दीडशेच्या आसपासच उरलेला आणि नान्नजला आता क्वचितच दिसणारा हा पक्षी जड असतो, समोर नीट बघू शकत नाही, आणि तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.)

चालताना दर शंभरेक पावलांनी मागे वळून बघा. परतीला वाट उलट्या बाजूने दिसते, आणि जाताना न बघितलेली बाजू ओळखू येत नाही. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. गाडी लावली ती जागा आणि वळणं मोबाइलमध्येच नोंदवा. मार्च ते मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात मोबाइल तापून बंद पडतो, म्हणून वहीत हाताने काढलेला कच्चा नकाशा असू द्या. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, आणि पायात घोट्याच्या वर येणारे बूट. मोजे साधे नकोत. कुसळी गवताचं अणकुचीदार टोक मोज्याच्या विणीत शिरलं की प्रत्येक पावलागणिक आत आत जातं, आणि काढताना मागे मोडून राहतं. बुटावरून जाड कापडाची पट्टी गुंडाळलेली उत्तम.

खूण करायचीच असेल तर

एवढं करूनही कधी कधी खुणेची गरज पडते. गवत उंच असतं, सोबत लहान मुलं असतात, किंवा संध्याकाळी अंधार पडताना परतायचं असतं. गायरानावर, आणि वनजमिनीवर वनरक्षकाने होकार दिला असेल तर, हे असं करा.

सुती कापडाच्या बोटभर रुंद आणि वीतभर लांब चिंध्या घ्या. सोलापुरात सुती चिंधी शोधत फिरावं लागत नाही. जुन्या टॉवेलची किनार फाडली की झालं. रंग निळा असू द्या. पिवळ्या गवतात निळं पटकन डोळ्यात भरतं आणि नवसाच्या चिंध्यांशी गल्लत होत नाही. प्रत्येक चिंधीवर पेनाने नंबर घाला: एक, दोन, तीन. छातीच्या उंचीला, वाळक्या फांदीला बांधा. बांधण्याआधी झुडपात घरटं नाही ना, ते बघा. गाठ सुरगाठ असावी, निरगाठ नको. परतताना एका हाताने सुटली पाहिजे. वळणावर एक चिंधी, आणि वळून दहा पावलं गेल्यावर दुसरी, म्हणजे कुठल्या बाजूला वळायचं ते कळतं. सरळ वाटेवर चिंध्या बांधायची गरजच नाही.

परत येताना प्रत्येक चिंधी सोडवून खिशात टाका. गाडीपाशी आल्यावर नंबर लावून मांडा. सहा नंबर नसेल तर कुठली राहिली ते लगेच कळतं, आणि ती आणायला परत जायचं. “पुढच्या वेळी उपयोगी पडेल” म्हणून एकही मागे ठेवायची नाही. मागे ठेवलेली चिंधी पुढच्या वेळी तुमच्या आधी दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

काही खुणा कुठेच करू नयेत. रंगाचे फराटे मारू नका. खोडात खिळा ठोकू नका, कुऱ्हाडीने खाच पाडू नका. खाचेतून झाडाला कीड लागते, आणि माळावरच्या बाभळीला इतकं वाढायला वर्षानुवर्षं लागलेली असतात. प्लास्टिकची रिबीन शेळ्या-मेंढ्या खातात, ती त्यांच्या पोटात अडकते. दगडांची रास तर नकोच. माळावरच्या सपाट दगडाखाली विंचू, पाली, सरडे राहतात, फुरसंही असतं. उचलणाऱ्याच्या हाताला ते चावू शकतं, आणि दगड हलला की त्या जिवांचं घर उन्हात उघडं पडतं.

इथे खूण नको, फोटोचं ठिकाणही नको

माळावरचे बरेचसे पक्षी घरटं जमिनीवर करतात. टिटवी उघड्या मुरमावर चार अंडी घालते. धाविक, चंडोल, माळढोक, सगळ्यांचं असंच. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली तर तुम्ही तिच्या अंड्यांजवळ आहात. थांबा, पायाखाली बघा, आणि आलात त्याच पावलांनी मागे जा. तिथे चिंधी, काठी, दगड काहीही ठेवायचं नाही. कावळे आणि मोकाट कुत्री माणूस कुठे थांबतो ते बघत असतात.

खोकडाची आणि लांडग्याची बिळं, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी जिथे रात्री गवतात उतरतात त्या जागा, उन्हाळ्यातले पाणवठे, या सगळ्यांना हाच नियम. मोबाइलच्या कॅमेऱ्यात फोटोबरोबर ठिकाण नोंदवलं जातं. माळावर शिरण्याआधी ती सोय बंद करा. गटात फोटो टाकताना तालुक्याचं नाव पुरे. आजच्या काळात हीच सगळ्यात धोकादायक खूण आहे, कारण ती चिंधीसारखी सोडवून परत घेता येत नाही.

फासे किंवा सापळे दिसले तर

एक दिवस तुम्हाला शिकाऱ्याची खूण दिसेल. ती ओळखता आली पाहिजे. सशासाठीचा फास जमिनीपासून वीतभराच्या आत, झुडपांमधल्या फटीत लावलेला असतो. बहुतेक दुचाकीच्या क्लचची तार किंवा नायलॉनची दोरी, आणि तिचं दुसरं टोक खुंटीला. कधी काट्याच्या फांद्या रांगेत टाकून जनावराला एकाच फटीकडे वळवलेलं असतं. माळावर काट्यांची सरळ रांग आपोआप पडत नाही, ती दिसली की तिच्या फटी लांबूनच बघा. तित्तर-लाव्यांसाठी बारीक नायलॉनचे फास काड्यांना बांधून ओळीने रोवतात. उंच गवतात ताणलेली जाळी, पिंजऱ्यात ठेवलेला बोलका तित्तर, रात्री माळावर फिरणारे झोतदिवे, ही सगळी त्याचीच लक्षणं.

दोन गोष्टी जिवाशी बेतणाऱ्या आहेत. रानडुकरांसाठी पिठात किंवा चाऱ्यात लपवलेले गावठी बॉम्ब, आणि शेताच्या कडेने वीज सोडलेली उघडी तार. पिठाचा गोळा पडलेला दिसला तर हात लावू नका, पायाने ढकलू नका, मुलांना लांब करा. शेताकडेला खुंट्यांवर आडवी तार दिसली तर ती चालू आहे असंच धरून चाला.

कायद्याने फास लावणं, जाळं टाकणं, हाकून नेणं, अंडी फोडणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. काळवीट, लांडगा, माळढोक हे पहिल्या अनुसूचीतले आहेत, त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. त्यामुळे फास हा पुरावा असतो, आणि तो तुम्ही काढून फेकला तर पुरावा गेला.

तेव्हा क्रम असा ठेवा. जागेवरच थांबा. दोन-तीन बाजूंनी फोटो काढा, एक जवळून आणि एक असा की ज्यात लांबची एखादी ओळखीची वस्तू येईल. मोबाइलमध्ये ठिकाण नोंदवा, वेळ लिहा. तिथे चिंधी बांधू नका, लावणारा परत येईल तेव्हा त्याला कळेल. आलात त्याच वाटेने बाहेर पडा आणि वनविभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर कळवा. बॉम्ब, वीज किंवा हत्यारबंद माणसं असतील तर 112 ला. जनावर फासात जिवंत अडकलेलं असेल तर सोडवायला जाऊ नका; घाबरलेलं काळवीट शिंगाने पोट फाडू शकतं, आणि ओढाताणीत तार त्याच्याच पायात आणखी रुतते. पंचवीस-तीस पावलांवर, त्याला दिसणार नाही असं बसा, आवाज करू नका, माणसं येईपर्यंत थांबा.

फासे दिसले की लगेच “हे अमक्या समाजाचं काम” असं म्हणू नका. 1871 पासूनच्या कायद्यांनी इंग्रजांनी पारध्यांसारख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वस्ती, होती. ते कायदे 1952 पर्यंत देशभरातून गेले, पण संशय गेला नाही. अकोला-वाशीमकडे याच फासेपारधी समाजातली माणसं तणमोर या माळावरच्या पक्ष्याची घरटी राखायला पुढे आली आहेत. फास कुणी लावला ते शोधणं वनविभागाचं काम आहे. तुम्ही जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगा.

वनरक्षक आले की पंचनामा होतो. तुम्हाला जागा दाखवायला परत आत जावं लागेल, कदाचित पंच म्हणून सही करावी लागेल, आणि खटला उभा राहिला तर काही वर्षांनी साक्षीलाही बोलावतील. त्यासाठी त्याच दिवशी घरी पोचल्यावर सगळं वहीत लिहून ठेवा: तारीख, वेळ, गाव, मनोऱ्याचा नंबर, फासाची तार कसली होती, कुणाशी काय बोलणं झालं. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका, आणि पंचनामा पूर्ण होईपर्यंत एकही फोटो कुठल्याच गटात टाकू नका.